मेजर राघू आणि आमची मांजरे

कोपरगाव,
कार्तिक शुद्ध सप्तमी, शके १८६९.

राजमान्य राजेश्री नृसिंहराव साडूभाऊ, मुक्काम अहमदनगर, यांचे सेवेशी,

कोपरगावाहून मार्तंड हेडमास्तराचा सप्तांग नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण उजव्या हाताचा अंगठा फडक्यात असल्यामुळे आठांपैकी एक अंग सध्या रजेवर आहे. अंगठ्याची हकीकत ओघाने येईलच. अक्षर वाकडेतिकडे दिसले तर ते त्या रजेमुळे; एरवी माझे अक्षर तालुक्यातल्या शाळांतून कित्ता म्हणून दाखवतात, हे आपण जाणताच.) आपली प्रकृती चांगली असेल. ती नेहमीच चांगली असते, कारण प्रकृतीला जे जे त्रासदायक ते ते आपण वेळीच दुसऱ्याकडे पाठवून देता. सौ. नीलांबरीताईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल. त्यांना म्हणावे, निर्गुडीचा पाला बांधा आणि यजमानांची व्याख्याने उभ्याने ऐकू नका. मुलांस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, आणि मी रीतीने चालणारा माणूस आहे, म्हणून तसे लिहितो. क्षेम कोणत्या प्रकारचे आहे ते मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपण पाठवलेला पक्षी पितृपंधरवड्यात पोहोचला. पोच आधीच द्यायला हवी होती, पण सुरुवातीला डोके मोकळे नव्हते आणि नंतर हात. पितृपंधरवड्यात घरी पक्षी यायचा तो कावळा, आणि तोही पान वाढल्यावर येतो व पोट भरल्यावर जातो. आपल्या पक्ष्याने यातला पहिला भाग तेवढा पाळला. सोबतच्या चिठ्ठीत आपण लिहिले होते की, स्वराज्य झाले, कँपातला साहेब विलायतेस निघाला, जाताना त्याने खुर्च्या-टेबले विकली पण हा राघू मात्र प्रेमाने मला दिला. आमची जागा लहान, तुमचे घर मोठे, मूलबाळ नाही, शिवाय गोदावरीची हवा, तेव्हा तुमच्याकडे पाठवतो. नृसिंहराव, आमच्या लग्नापासून आजवर आपण आम्हाला प्रेमाने जे जे दिलेत, ते ते आधी आपल्याला कुणीतरी प्रेमाने दिलेले होते. (ती एका हाताची आरामखुर्ची अजून ओसरीवर आहे. तीत बसणाऱ्याने आराम कुठल्या बाजूने करायचा, हे सुतारालाही सांगता आले नाही.)

मोटार दुपारी यायची, ती दिवेलागणीला आली. ड्रायव्हर सहादेव हा लढाईतून परतलेला गडी, ब्रह्मदेशात लष्करी ट्रक चालवून आलेला. नगर सोडल्यापासून पिंजऱ्यातून साहेबी आवाजात ‘हॉल्ट!’ असा हुकूम सुटावा आणि सहादेवच्या पायाने धन्याला न विचारता ब्रेक दाबावा, असे वाटभर चालले होते म्हणे. कोल्हारच्या पुलावर तर गाडी ऐन मध्यावर उभी राहिली. मागे बैलगाड्या तुंबल्या, उतारूंनी आरडाओरडा केला, आणि सहादेव खाली उतरून, टाचा जुळवून, सलाम ठोकून साहेब कुठे दिसतो ते पाहत राहिला. शेवटी बनुबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाजारकरणीने पिंजऱ्यावरचे फडके उचलले तेव्हा साहेब सापडला. सहादेवने पिंजरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘मास्तर, घ्या तुमचा पाव्हना. जपान्यानं बी माझी गाडी येवढ्यांदा थांबिवली न्हाई.’

राघू म्हटला की आम्ही गरीब लोक हिरवा, लाल चोचीचा, पेरू खाणारा आणि ‘विठू विठू’ म्हणणारा प्राणी समजतो. फडके काढले तर आत हा! पाठ निळी, पोट पिवळे, गाल पांढरे आणि त्यांवर काळ्या रेघोट्या, शेपूट पिंजऱ्याबाहेर हातभर लोंबणारे, आणि चोच म्हणजे काळा अडकित्ता. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी साळूबाई दारातूनच मागे सरली. ‘आवो बाई, ह्यो राघू न्हाई, गरुड हाय. रंगपंचमी खेळून आलाय.’ आपण लिहिल्याप्रमाणे याचे नाव मेजर. साहेब स्वतः कॅप्टन होता, हे मी आपल्याच मागच्या पत्रात वाचले होते. वरिष्ठावर ओरडण्याची हौस त्याने पक्षी पाळून भागवली असावी. मला हा उपाय पटला. मीही तेव्हाच ठरवले होते की कधी कुत्रे पाळलेच तर त्याला डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणायचे.

आता आमच्या घरची मांजरे. ती सौ.ची. काशी आणि गोदी या दोघी बहिणी, आणि रावबहादूर हा बोका. (हा किताब सौ.ने दिला. तो करीत काही नाही, पण सर्वांनी आपल्याला मान द्यावा अशी त्याची अपेक्षा असते. स्वराज्यात किताब रद्द होणार असे ऐकतो. बोक्याला अजून कळवलेले नाही.) घरात मांजरे आहेत हे आपल्याला ठाऊक होते. तरी आपण पक्षी पाठवलात, यावरून आपल्याला पक्ष्याची काळजी नव्हती असा माझा पहिला समज झाला. तो चुकीचा होता. आपल्याला मांजरांची काळजी नव्हती. मी माझ्या परीने पिंजरा माजघराच्या तुळईला सायकलच्या साखळीने टांगला, खाली पाट उलटे घालून ठेवले, आणि सौ.ला बजावले की साहेबाची ठेव आहे, हिच्या केसालाही धक्का लागता कामा नये. तिन्ही मांजरे खाली बसून वर पाहत राहिली. त्यांच्या मनात काय चालले होते हे सांगायला पंडित नको. रावबहादूराने कधी उंदरावर उडी घातल्याचे आमच्या पाहण्यात नाही, पण ते लोंबते निळे शेपूट बघून त्याच्या अंगात वाघ संचारला. तो कोनाड्यावर चढला, तिथून फडताळावर, आणि तिथून झेप घेऊन पिंजऱ्याच्या गजांना लटकला. मेजरने शेपूट आत घेतले, चोच बाहेर काढली, रावबहादूराचा कान धरला आणि अत्यंत सभ्य आवाजात ‘गुड मॉर्निंग’ म्हटले. कान सुटायला वेळ लागला. त्यानंतर बरेच दिवस आमचा बोका सकाळ झाली की घरात नसे.

एवढ्यावर भागले असते तर हे पत्र एका कार्डावर मावले असते. पण आपल्या पक्ष्याचे शस्त्र चोच हे नव्हेच. जीभ हे आहे. सौ. मांजरांना दूध घालताना ‘ये ग काशी, ये ग गोदी, या या, दूध प्या’ अशी लांबण लावून हाक मारते. मेजरने ती हाक उचलली. आवाज तोच, लाड तोच, शेवटचा ‘प्या’ ओढण्याची तऱ्हा तीच. काशी-गोदी शेपट्या उभारून धावत यायच्या, रिकाम्या वाटीत तोंड घालायच्या, आणि वरून साहेबाचे खो-खो हसणे ऐकू यायचे, सोबत मिरचीची देठे डोक्यावर पडायची. कुठलीही प्रजा किती दिवस रिकाम्या वाटीवर विश्वास ठेवील? पुढे पुढे सौ. खरोखर दूध घेऊन हाका मारी आणि मांजरे माळ्यावरून ‘ही पण थापच’ अशा नजरेने बघत. सौ.ला हे फार लागले. ‘माझ्या हाकेला माझी मांजरं येईनात,’ असे म्हणून ती दुधाची वाटी घेऊन चुलीपाशी बसून राहिली. मी तिची समजूत घातली की माझ्या हाकेला चौथीचा वर्ग कधीच येत नाही, आणि मी तरीही पगार घेतो.

मग त्याने माझा आवाज उचलला. आपण जाणता, साखर कार्डावर मिळते. (कोपरगावच्या आसपास उसाशिवाय दुसरे दिसत नाही, कारखान्याच्या चिमणीचा धूर आमच्या वाळवणावर पडतो, आणि साखर मात्र सरकार मोजून देते. हलवायाच्या दारात उपास घडावा तसे हे.) आमच्याकडे चहा सकाळी एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा, असा दंडक. मेजर माजघरातून माझ्या आवाजात म्हणू लागला, ‘अगं, जरा चहा टाक!’ सौ. बिचारी आधण ठेवी. चहा घेऊन बाहेर यावे तर मी चकित. पण चहा झालेला, साखर पडलेली. फेकून कसा द्यायचा? मी पीत असे. महिना संपायच्या आत साखरेचा डबा खडखडला तेव्हा सौ.ने मला विचारले, की खरे सांगा, तुम्ही म्हणता का तो म्हणतो? मी शाळेच्या इमारतीची शपथ घेतली. त्यानंतर घरातून शब्दाची पतच गेली. मला खरोखर चहा हवा असे तेव्हा मी घसा फोडून ओरडे आणि आतून उत्तर येई, ‘तो पोपट असेल.’ सौ. मला ‘जेवायला चला’ म्हणे आणि मी उठत नसे, कारण तो मेजर असण्याचा संभव. साळूबाईला दारातून कुणी हाक मारली तर ती आधी पिंजऱ्याकडे बघे आणि मग ‘व्हय व्हय’ म्हणे; पुढे मेजरच ‘व्हय व्हय’ म्हणू लागला, तेव्हा तिने तेही सोडले. घरात तीन माणसे, आणि हुकूम कुणाचा हे कुणालाच कळेना. मोठ्या कचेऱ्यांतून कसे काम चालत असेल, याची मला प्रथमच कल्पना आली.

अशात रंगनाथराव आले. त्यांना आपण पाहिले आहे. चौदा ऑगस्टपर्यंत त्यांच्या अंगावर विलायती सर्जचा कोट होता आणि कुणी साहेब तालुक्यात येणार असे कळले की हार घेऊन ते वेशीपर्यंत जात. पंधरा तारखेपासून ते खादी वापरतात आणि देशभक्तीत आपल्या आधी जन्मलेल्या कुणालाही पुढे जाऊ देत नाहीत. गावातली चार प्रतिष्ठित मंडळी घेऊन ते ओसरीवर बसले. म्हणणे असे, की स्वराज्य येऊन नुकते कुठे बाळसे धरत आहे आणि एका हेडमास्तराच्या घरातून रस्त्यावर इंग्रजी हुकूम ऐकू येतात, हा राष्ट्राचा अपमान आहे. मी मान्य केले. सरकारी नोकराने राष्ट्राचा अपमान झाला असे कुणी म्हटले तर मान्य करावे, मग राष्ट्र कुणाचेही असो. रंगनाथराव रंगात आले. ‘गुलामीची शेवटची खूण,’ असे म्हणून त्यांनी माजघराकडे बोट केले, आणि आतून गर्जना झाली, ‘स्टँड अप!’

नृसिंहराव, मी अतिशयोक्ती करणारा माणूस नाही. सर्वांत आधी रंगनाथराव उठले. नुसते उठले नाहीत, तर त्यांचा उजवा हात टोपीपर्यंत जाऊन पोहोचला आणि डाव्या हाताने त्यांनी उपरण्याची घडी सारखी केली. त्यांच्यामागोमाग बाकीचे. (मीही उठलो होतो, पण ते पानाचे तबक आणायला.) कुणी कुणाकडे बघेना. बसावे तर हुकूम नाही, उभे राहावे तर कारण नाही. शेवटी मेजरलाच दया आली आणि त्याने ‘सिट डाउन’ म्हटले, तेव्हा सगळे बसले. मग असा ठराव झाला की पक्षी निरपराध आहे, दोष शिक्षणाचा आहे, सबब त्याला देशी भाषा शिकवावी. आणि शिकवण्याचे काम अर्थातच माझ्यावर आले. ठरावाला अनुमोदन देताना रंगनाथराव पिंजऱ्याकडे पाठ करून बसले होते.

मी पद्धतशीर शिकवणारा. रोज सकाळी आंघोळ-संध्या झाल्यावर पिंजऱ्यासमोर पाट घेऊन बसायचे आणि ‘जय हिंद’ हा एकच धडा स्पष्ट उच्चारात घ्यायचा. मेजर मान तिरकी करून ऐके. इतका लक्ष देणारा विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नव्हता. मधूनमधून तो शेंगदाणा सोलायचा तेव्हा मी त्याला जरा दटावीत असे, तेही शास्त्राला धरूनच. दसऱ्याच्या दिवशी रंगनाथराव सोने द्यायला आले आणि म्हणाले, ऐकू द्या प्रगती. मी फडके बाजूला केले, चुटकी वाजवली. मेजरने छाती पुढे काढली आणि माझ्या खणखणीत आवाजात म्हणाला, ‘गाढवा, लक्ष कुठे आहे तुझे? थोबाड फोडीन!’ आणि हे रंगनाथरावांच्या डोळ्याला डोळा लावून. ते सोने न देताच गेले. मी पिंजऱ्यावर फडके परत टाकले. गावातली निम्मी मंडळी माझ्या हाताखालून गेली आहेत. मी त्यांना काय काय शिकवले आणि त्यांच्या लक्षात काय राहिले असेल, हा विचार सणाच्या दिवशी करू नये.

आता अंगठा. दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी वर्गात पावकी-निमकी घेत होतो, तोच साळूबाई पदर खोचून पळत आली. ‘मास्तर, बिगीनं चला! राघू सुटलाय आन मांजरं घरातच हायेत. बाई नदीवर गेल्यात. म्या न्हाई जायची आत!’ तिने पिंजरा पुसताना दार उघडे टाकले होते, हे उघड आहे. ती नाही म्हणते. मी निघालो. माझ्यामागे चौथी निघाली, चौथीमागे तिसरी, आणि बाजारातले काही उद्योगी लोकही आले. वाटेत मी आपल्याला पाठवायच्या सांत्वनपत्राचा मजकूरही मनात जुळवला होता. (‘कृष्णार्पण’ हा शब्द त्यात चांगला बसला होता.) दार लोटले. आत चिडीचूप. पिसे नाहीत, रक्त नाही. वर बघितले तर काशी आणि गोदी माळ्यावर एकमेकींना चिकटून, शेपट्या बाटली धुण्याच्या कुंच्यासारख्या फुललेल्या. पिंजरा तुळईला होता तिथेच. दार बंद. कडी घातलेली. आत रावबहादूर.

आणि पिंजऱ्याच्या डोक्यावर मेजर, एका पायावर उभा राहून, दुसऱ्या पायात सुपारी धरून ती फोडत बसलेला. झाले होते ते असे असावे: मेजर बाहेर फेरफटका मारायला गेला, आतली दुधात भिजवलेली पोळी बघून बोका फडताळावरून आत शिरला, आणि मेजरने परत येऊन, साहेबाच्या शिस्तीत वाढलेला असल्यामुळे, दार लावून घेतले. मला बघून बोका अशा काही स्वरात रडला, की मला माझी पहिली बदली आठवली. दारात चौथीचा वर्ग आणि निम्मा बाजार. अशा वेळी माणसाने शौर्य दाखवू नये. मी दाखवले. फडके हातावर घेऊन, ‘मेजर, बाळा, इकडे ये,’ असे गोड बोलत हात पुढे केला. त्याने सुपारी खाली टाकली. अंगठा आणि सुपारी यांत त्याला फारसा फरक वाटला नसावा. मी ओरडलो तो शब्द इथे लिहीत नाही; तो आता मेजरला येतो, आणि तो माझ्या आवाजात येतो.

तेव्हापासूनची व्यवस्था आपल्या माहितीसाठी. मी दार उघडले तरी रावबहादूर पिंजऱ्यातून बाहेर यायला तयार नाही. आत पोळी आहे, कडी आहे, आणि मेजर बाहेर आहे, हे तिन्ही त्याच्या पथ्यावर पडते. मेजर आता घरभर चालत फिरतो, पाय आत वळवून, पेन्शनीत निघालेल्या फौजदारासारखा. काशी आणि गोदीने दुसऱ्याच दिवशी देशत्याग केला. त्या नदीकाठी साळूबाईच्या झोपडीत राहतात, आणि सौ. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन तिकडे जाते. मांजरे गेली तसे उंदीर आले. मेजर त्यांच्यासाठी मांजरासारखा ओरडतो, पण उंदरांनी ते पोकळ असल्याचे ओळखले आहे. ते आता माझ्याच पोथीच्या बासनात बाळंत होतात. चार दिवसांपूर्वी सौ.ने मला निक्षून सांगितले, ‘या घरात त्याचा आवाज राहील, नाहीतर माझा.’ हे तिने दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा मला वाटले की पोपटच.

तरी विनंती अशी, की हे पत्र पोचताच आपण स्वतः येऊन हा पक्षी परत न्यावा. आपण कँपात हेडक्लार्क आहात, इंग्रजी हुकूम ऐकण्याची आपल्याला सवय आहे, आणि आता ते देणारे कुणी उरले नसल्यामुळे आपल्यालाही चुकल्याचुकल्यासारखे होत असेल. माझी तक्रार नाही. नातेवाइकांनी एकमेकांचे ओझे उचलावे हे खरेच आहे. फक्त ते एकमेकांचे असावे, एकाचेच नसावे. लोभ आहेच, तो आहे तेवढाच राहू द्यावा.

आपला,
मार्तंड

ता. क. — न्यायला येण्याची तशी घाई करू नये. सुट्टी संपली की डेप्युटी साहेब शाळा तपासायला येणार आहेत. दिवाळीच्या आधी मी एकदोनदा मेजरला खांद्यावर घेऊन शाळेत गेलो होतो. त्याने ‘क्वाएट!’ म्हटल्याबरोबर चारही वर्ग असे गप्प झाले, की शेजारच्या पिंपळावरचे कावळे उडाले. ही शिस्त तपासणीपर्यंत टिकवणे शाळेच्या हिताचे आहे. रंगनाथरावांनीही परवा निरोप धाडला, की त्यांच्या सभेला मेजरला आणता येईल का. लोक बोलावल्यावर उठत नाहीत म्हणे. तेव्हा आपण न येता, कुणी येणारे असल्यास त्याच्याबरोबर, साहेब देत असे ती बिस्किटे मात्र पाठवावीत. पोळीने त्याचा आवाज बसतो.

ता. क. दुसरा, माझ्या हातचा. — ताई, यांनी पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं, आणि डिंक सापडेपर्यंत मी वाचलं. भाऊजींना वाचून दाखवायच्या आधी तू एवढं वाच. चहाचं सगळं खोटं आहे. पोपट चहा टाक असं एकदाही म्हणाला नाही. इतक्या वर्षांनी मला आवाज ओळखू येणार नाही होय? मीच काही बोलले नाही, कारण त्या निमित्तानं मलाही घोटभर मिळायचा. मांजरांच्या वाट्या रिकाम्या राहायच्या त्या पोपटानं हाका मारल्या म्हणून नव्हे. दूध यांनी त्याच्या पोळीत घातलेलं असायचं. पिंजऱ्याचं दारही साळूबाईनं उघडं टाकलं नाही. शाळेत जाताना यांनीच उघडलं, त्याचे पाय आखडतात म्हणून. मला म्हणाले, तिला सांगू नकोस.

चार दिवसांपूर्वी मी बोलले ते खरं. अगदी कंटाळले होते. पण काल गोदीला दूध घालून मी मागच्या दारानं आले. हे नदीवर गेले होते, घरात कुणी नव्हतं. पोपट माजघराच्या उंबऱ्यावर एकटाच बसला होता आणि यांच्या आवाजात, अगदी हळू, म्हणत होता, ‘इंदू. इंदू, आलीस का गं?’ ताई, तुला ठाऊकच आहे, लग्न झाल्यापासून मी या घरात ‘अगं’ आहे, ‘ऐकलंस का’ आहे, आणि चार लोकांत ‘आमच्या घरात’ आहे. माझं नाव यांच्या तोंडून मी उखाण्यात एकदा ऐकलं, तेही बायकांनी दार अडवलं तेव्हा. पोपट ऐकल्याशिवाय बोलत नाही. मी साळूबाईकडे गेले की इकडे कुणीतरी ते म्हणत असणार, आणि एकदा म्हणून पोपटाला येत नाही.

मी यांना काही विचारलं नाही. काशी-गोदीला सध्या तिकडेच राहू दे. मी दोन्ही वेळा जात जाईन. पोपट न्यायला कुणी येऊ नका. तुझी, इंदू.

ता. क. तिसरा. — पाकीट पुन्हा माझ्याकडे आले. वरचा मजकूर मी वाचलेला नाही. ते नाव साळूबाईने शिकवले असावे. पक्षी न्यायला कुणी येऊ नये, याविषयी मात्र आम्हा दोघांचे एकमत आहे. मा.